घरी विज्ञान शिकवताना या चुका टाळा: वेगवेगळ्या वयांच्या मुलांसाठी अभ्यासक्रमाची निवड

भाषा आणि गणित प्रत्येक मुलाला त्याच्या तयारीनुसार स्वतंत्रपणे शिकवावे लागते, हे होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांच्या लवकर लक्षात येते. तोच नियम विज्ञानाला लावून तीन मुलांसाठी तीन इयत्तांचे तीन वेगळे संच विकत घेणे, ही मात्र मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आमच्या घरी पहिल्या वर्षी हेच घडले. सहा वर्षांच्या धाकटीला चुंबक, दहा वर्षांच्या मधल्याला पचनसंस्था आणि तेरा वर्षांच्या थोरलीला अणुरचना शिकवण्यात सकाळ संपून जाई, प्रयोगांची मांडामांड करायला वेळच उरत नसे आणि जूनमध्ये उत्साहाने सुरू केलेले तिन्ही अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत केवळ वाचून दाखवण्यापुरते राहिले.

विज्ञानात सर्व मुलांसाठी विषय एकच ठेवता येतो; वयानुसार बदलावा लागतो तो प्रश्न. बाष्पीभवनाचे उदाहरण घेऊ. सहा वर्षांच्या मुलीने ओले रुमाल उन्हात, सावलीत आणि पंख्याखाली वाळत घालून कोणता आधी वाळला एवढेच सांगावे. दहा वर्षांच्या मुलाने कापड आणि पाणी सारखेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तसे का करायचे हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. तेरा वर्षांच्या मुलीने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर दहा मिनिटांनी रुमालाचे वजन करून आलेख काढावा आणि माठातले पाणी विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात जेवढे गार होते तेवढे कोकणच्या दमट हवेत का होत नाही, याचे कारण शोधावे. कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी त्यातला एक घटक निवडून त्याच्या अशा पायऱ्या करता येतात का, हे आधी तपासावे. त्यासाठी बालभारतीची पुस्तके फार उपयोगी पडतात, कारण तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास, सहावी ते आठवीचे सामान्य विज्ञान आणि नववी-दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान ही पुस्तके ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात आणि एकच विषय वरच्या इयत्तांमध्ये कसा खोल होत जातो, हे ती शेजारी ठेवून पाहता येते.

मुखपृष्ठावरील इयत्तेवर विसंबणे

मूल वाचनात पुढे असले की पालक त्याला विज्ञानाचेही वरच्या इयत्तेचे पुस्तक देतात. काही दिवसांनी असे दिसते की मुलाला घनतेची व्याख्या तोंडपाठ आहे, परंतु साबणाच्या वडीचे दोन सारखे तुकडे केले तर एका तुकड्याची घनता निम्मी होईल का, या प्रश्नावर ते बिनदिक्कत ‘हो’ म्हणते. येथे दोष विज्ञानाच्या पुस्तकाचा नसतो. गुणोत्तराची कल्पनाच अजून पक्की झालेली नसते. घनता, वेग, दाब आणि द्रावणाची संहती या सर्व संकल्पना भागाकार, दशांश अपूर्णांक आणि गुणोत्तर यांवर उभ्या आहेत. म्हणून अशा वेळी तो पाठ काही आठवडे बाजूला ठेवून गणित पक्के करावे, आणि तोवर वनस्पती, प्राणी किंवा आकाशनिरीक्षण घ्यावे.

परदेशी संच जसाच्या तसा वापरणे

अमेरिकेतील कुटुंबांसाठी तयार केलेले संच देखणे आणि सुसूत्र असतात, त्यामुळे त्यांचा मोह होणे मी समजू शकते. तथापि, त्यांतले निरीक्षण तिथल्या आकाशाचे आणि हवामानाचे असते. दुपारची सावली वर्षभर उत्तरेकडेच पडते, हे विधान कर्कवृत्ताच्या उत्तरेला खरे आहे. महाराष्ट्र आणि गोवा संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, आणि पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. अंगणात काठी रोवून दक्षिणेकडची सावली डोळ्यांनी पाहिलेले मूल पुस्तकातल्या तक्त्याशी जुळावे म्हणून वहीत ‘उत्तर’ लिहिते, तेव्हा विज्ञानशिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट आपण त्याच्या हातून काढून घेतलेली असते. असा संच घरी असेलच, तर ऋतू, सावल्या, पक्षी आणि झाडे यांचे पाठ आपल्या परिसरावरून नव्याने लिहावेत. आम्ल आणि आम्लारी ओळखण्यासाठी रंग बदलणाऱ्या लाल कोबीच्या दर्शकाऐवजी गोकर्णाच्या निळ्या फुलांचा अर्क घ्यावा, तो लिंबाच्या रसाने जांभळट-गुलाबी होतो. आणि हळदीत चुना मिसळून कुंकू का तयार होते, हा प्रश्न तर आपल्या देवघरातच आहे.

याखेरीज, अशा काही संचांचे प्रकाशक धार्मिक भूमिकेतून उत्क्रांती नाकारतात आणि सुमारे ४५४ कोटी वर्षांची पृथ्वी काही हजार वर्षांची असल्याचे शिकवतात. खरेदीपूर्वी हे दोन पाठ अवश्य वाचावेत. आपल्याकडची पुस्तकेही अनुक्रमणिका पाहूनच निवडावीत: केंद्रीय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग आणि मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले गेले, तर राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकांत या दोन्ही विषयांना स्वतंत्र स्थान आहे. मूल एनसीईआरटीचे पुस्तक वापरत असेल, तर हे दोन पाठ राज्याच्या पुस्तकातून जोडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षेचा विचार उशिरा करणे

एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळाच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या परीक्षेला किमान वय १४ वर्षे आहे आणि तिथे विज्ञानाला प्रात्यक्षिक असते. केम्ब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीवरील आंतरराष्ट्रीय परीक्षेत खासगी परीक्षार्थींना प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी पेपर निवडता येतो, परंतु त्यातले प्रश्न मोजमापे घेतलेल्या, चुकलेली मांडणी दुरुस्त केलेल्या विद्यार्थ्यालाच सोपे जातात. मोठे मूल बारा वर्षांचे झाले की मंडळ आणि माध्यम निश्चित करावे, आणि मराठीतून शिकलेल्या मुलाची परीक्षा इंग्रजीतून होणार असल्यास त्वरण, संवेग, प्रकाशसंश्लेषण अशा संज्ञांची मराठी-इंग्रजी द्विभाषिक यादी त्याच वर्षापासून त्याच्याकडून लिहून घ्यावी.

पैसे खर्चून झाले आहेत आणि अभ्यासक्रम जमत नाही, अशी स्थिती असेल तर तो रेटत नेऊ नये आणि लगेच दुसराही घेऊ नये. आहे त्यातला एक घटक निवडून दोन आठवडे सर्व मुलांसह करावा आणि धाकट्याने काय विचारले, थोरल्याने काय मोजले, तुम्हाला कोणते साहित्य मिळाले नाही, याची रोज नोंद ठेवावी. आमच्या घरी अशा नोंदींवरून तीनपैकी एकच संच ठेवला; उरलेल्या दोहोंतले फक्त प्रयोग कापून एका वहीत चिकटवले, आणि तीच वही आता तिघांचीही आहे.