शेतातल्या मालाचे घरगुती पदार्थ कायद्यात राहून कसे विकावेत?

उन्हाळा लागला की मराठवाड्यात गच्च्यांवर पापड्या, कुरडया, खारोड्या वाळू लागतात आणि कांडपाच्या मशीनवर तिखट-हळदीसाठी रांगा लागतात. यातला बराच माल आता घरापुरता राहिलेला नाही. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर येते, एसटीने नाहीतर कुरिअरने डबा बाहेरगावी जातो. पण विकणाऱ्याच्या मनात एक धाक कायम असतो: ‘अन्न-औषधवाले आले तर?’ असा धाक बाळगून लपूनछपून विकण्यापेक्षा नोंदणी करून विकणे स्वस्त पडते आणि सोपेही आहे. खरी मेहनत नोंदणीच्या पुढे आहे, म्हणून या लेखातही जास्त जागा त्या मेहनतीला दिली आहे.

आधी आपण कायद्यात कुठे बसतो ते बघा

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, नोंदणीची व्यवस्था ऑगस्ट २०११ पासूनची. या कायद्याच्या कलम १८ ने शेतकऱ्याला, त्याच्या शेतीला आणि शेतावर निघालेल्या पिकाला वगळले आहे. तूर, हळकुंडे, शेंगा, ज्वारी जशी निघाली तशी पोत्यात भरून विकलीत तर तुम्हाला कसलाही परवाना लागत नाही. त्याच हळकुंडांची पूड करून, शेंगांची चटणी कुटून, कैरीचे लोणचे घालून विकायला लागलात की तुम्ही अन्न उत्पादक झालात. मग माल बांधावर विका, आठवडी बाजारात विका, नाहीतर फोनवर. पैसे घेऊन हुरडा पार्टीला जेवण वाढणारेही यातच आले.

कोणत्या पदार्थापासून सुरुवात करावी

इथे घाई करू नका. वाळवण, येसर, काळा मसाला, मेतकूट, जवस-कारळाची चटणी हे कोरडे पदार्थ. पाणी कमी असल्यामुळे त्यांत जंतू सहज वाढत नाहीत, आणि माल टिकतो. सीताफळाचा गर, बासुंदी, पनीर, खवा हे ओले पदार्थ. त्यांना पहिल्या तासापासून थंडावा लागतो, आणि आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन, त्यात लोडशेडिंग, हे सगळे जमेस धरले तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशी भागात खव्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालतो, पण त्यामागे रोज माल उचलणारी साखळी उभी आहे. तुमच्याकडे ती आहे का, हे आधी बघा.

लोणचे या दोन्हींच्या मधले. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ किमान १२ टक्के असावे असे मानक आहे, आणि तेलातल्या लोणच्याच्या फोडी तेलात बुडालेल्या असाव्यात. आपल्या आज्या अंदाजाने हेच करत. विकायला काढताना अंदाज सोडून काटा वापरायचा.

शेंगदाण्याच्या बाबतीत एक काळजी जास्त. ओल राहिलेल्या शेंगांवर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. काळवंडलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा हाताने निवडून बाजूला काढा आणि जनावरांनाही घालू नका.

नोंदणी कशी करावी

२०११ च्या नियमावलीत लहान उत्पादकाची मर्यादा वर्षाला १२ लाख रुपयांची उलाढाल आणि दिवसाला १०० किलो किंवा लिटर उत्पादन अशी धरली होती. या आकड्यांत आणि फीमध्ये बदल होत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर चालू आकडे बघून घ्या. मर्यादेच्या आत असाल तर परवाना लागत नाही, नुसती नोंदणी पुरते. अर्जाचे नाव ‘फॉर्म ए’, मूळ नियमावलीतली फी वर्षाला १०० रुपये. फोटो, ओळखपत्र, जागेचा पत्ता आणि काय बनवणार त्याची माहिती एवढ्यावर अर्ज भरता येतो. मोबाइलवर जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात भरून घ्या, मात्र सरकारी फी किती आणि भरून देण्याचे किती, हे वेगवेगळे विचारा. शंभराच्या कामाला हजारो रुपये मागणारे मध्यस्थ सगळीकडे आहेत.

अर्ज दिल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीचे कळवायचे, असे नियमावली सांगते. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो. दुकानदार किंवा ऑनलाइन विक्री करणारी कंपनी सगळ्यात आधी तोच मागते.

बचत गटांची इथे गफलत होते. नोंदणी जागेला धरून असते. गटाच्या एका खोलीत सगळ्याजणी मिळून पापड करत असतील तर गटाच्या नावाने एक नोंदणी चालते. दहा घरी दहा चुलींवर माल तयार होऊन एका नावाने विकला जात असेल, तर प्रत्येक घर ही वेगळी जागा धरली जाते. म्हणून एक सामाईक खोली करणे केव्हाही बरे.

जागा आणि हात

लहान उत्पादकासाठीचे स्वच्छतेचे नियम २०११ च्याच नियमावलीतल्या अनुसूची ४ च्या पहिल्या भागात आहेत. त्यांत फरशी-ओट्याचा थाट मागितलेला नाही. पिण्यायोग्य पाणी, झाकण असलेली कचरापेटी, न गंजणारी भांडी, कापलेली नखे, डोक्याला रुमाल, अंगावर अॅप्रन, आणि हगवण, ताप किंवा हाताला जखम असलेल्या माणसाने त्या दिवशी पदार्थाला हात न लावणे. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घेणाऱ्या गावांनी हे पाणी शुद्ध करूनच वापरावे.

मिरच्या आणि हळद डांबरी रस्त्याकडेला वाळत घालण्याची सवय सोडावीच लागेल. धूळ, टायरची घाण, कुत्र्यांची ये-जा हे सगळे त्या पुडीत उतरते. गच्चीवर स्वच्छ ताडपत्री आणि वरून जाळी, एवढ्याने काम भागते.

तिखट कुटताना मिरचीला तेलाचा हात लावतात. तेल वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत चालते, पण ते लेबलवर लिहावे लागते. रंग मात्र चिमूटभरही चालत नाही, तिखटात नाही आणि हळदीतही नाही. घाण्याचे करडईचे तेल विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की खाद्यतेल सुटे विकायला नियमांनी मनाई केली आहे. कॅनमधून गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओतून देऊ नका, सीलबंद बाटली आणि लेबल हवे. पदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळणेही बंद, कारण छपाईची शाई अन्नात उतरते.

लेबल: इथेच बहुतेकांचे अडते

लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी सोबत घालता येते, एकटी मराठी चालत नाही. ज्या बाईने आयुष्यभर मराठीत हिशोब लिहिला तिने लातूरच्या गिऱ्हाइकासाठी हिंदीत लेबल करायचे, हे मला पटत नाही, आणि हा नियम बदलावा असे मनापासून वाटते. तोवर दोन्ही भाषा छापा. शेंगदाणा चटणीच्या पाकिटावर साधारण असे येईल:

मूँगफली चटनी / शेंगदाणा चटणी
सामग्री: मूँगफली, लाल मिर्च, लहसुन, नमक, जीरा
एलर्जी सूचना: इसमें मूँगफली है

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, जे जास्त ते आधी. याखेरीज पोषणमूल्ये, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची व संपण्याची तारीख, सर्व करांसह किंमत, आणि तक्रारीसाठी फोन नंबर. पोषणमूल्यांसाठी आणि पदार्थ किती दिवस टिकतो हे ठरवण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र गाठा. शेजारणीच्या पाकिटावरची ‘सहा महिने’ ही मुदत उतरवून घेऊ नका, तिचा मसाला वेगळा, तुमचा वेगळा.

काय लिहू नये तेही सांगतो. ज्वारीच्या पिठावर ‘शुगर बरी होते’ असे लिहिले की ती दिशाभूल करणारी जाहिरात झाली, आणि त्याचा दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. ‘सेंद्रिय’ शब्दालाही प्रमाणपत्र लागते. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यात सवलत आहे, दुकानातून विकताना नाही. ‘वसमत हळद’ किंवा ‘कुंथलगिरी खवा’ ही भौगोलिक मानांकन मिळालेली, म्हणजे त्या-त्या भागातल्या मालापुरती राखलेली नावे आहेत. ती छापायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नाव नोंदवावे लागते.

वजनाचा विषय वेगळ्या खात्याकडे, म्हणजे वैधमापनशास्त्र विभागाकडे जातो. काट्यावर त्यांचा चालू शिक्का हवा, आणि पाकीटबंद माल सुरू केल्यापासून ९० दिवसांत आवेष्टक, म्हणजे पाकिटे भरणारा, म्हणून त्यांच्याकडे नोंदणी करायची असते. हे दुसरे काम फार जण विसरतात.

भांडवल लागत असेल तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून बँक कर्जाला जोडून ३५ टक्के, कमाल १० लाखांचे अनुदान देतात. योजना सध्या चालू आहे का आणि अर्ज कुठे द्यायचा, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा.

वही ठेवा, आणि अधिकारी आले तर

एक दोनशे पानी वही पुरते. कोणत्या तारखेला किती किलो मिरची कुठून आणली, कोणत्या बॅचमध्ये गेली, ती बॅच कोणाला विकली. प्रत्येक बॅचचे एक पाकीट मुदत संपेपर्यंत घरात ठेवा. उद्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली तर सगळा माल परत न बोलावता तेवढीच बॅच थांबवता येते.

अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले तर ओळखपत्र बघायला मागा, त्यात काही वावगे नाही. नमुना घेतला तर त्याची किंमत त्यांनी द्यायची असते, लेखी नोटीस द्यायची असते आणि नमुन्याचे चार भाग करून सील करायचे असतात. त्यांतला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी मागणी तुम्ही तिथेच करू शकता. अहवाल विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येते. सही करण्याआधी नमुन्याच्या कागदावर बॅच क्रमांक तुमच्या वहीतलाच आहे ना, हे ताडून बघा.