कारवानी पिल्लू आणि घमेलभर माती

फ्लॅटमध्ये कुत्र्याचं पिल्लू आणणार असाल तर पट्ट्याआधी त्याच्या शूसाठी घमेलं घ्या. आम्ही सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमचं पिल्लू जतकडच्या एका वस्तीवरचं कारवानी, म्हणजे आपल्याकडच्या शिकारी कुत्र्यांच्या जातीतलं. जन्मल्यापासून त्याच्या पायाखाली माती. शू कुठं करायची हे पिल्लू पायांना काय लागतंय त्यावरनंही ठरवतं. इथं सगळीकडं गुळगुळीत फरशी, मग मऊ लागेल तिकडं ते वळणारच. पायपुसणं, सतरंजी, आणि सासूबाईंचं देवघरापुढचं आसन.

पेपर अंथरू नका. पिल्लू पेपरच शिकतं, आणि पुढं तुम्ही जमिनीवर पसरून वाचायला घेतलात की त्यालाही तो आपलाच वाटतो.

बाल्कनीच्या कोपऱ्यात पसरट घमेलं ठेवा, काठ उंच पडत असेल तर पुढं वीट टाका. नुसती काळी माती घालू नका, ओली झाली की पंजांना चिकटून घरभर ठसे उठतात. निम्मी वाळू मिसळा. माती नर्सरीतली घ्या, रस्त्याकडेची उचलू नका. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबाचा रोग, त्याचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. त्याच कारणानं लसी पूर्ण होईस्तोवर, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, भटकी कुत्री फिरतात तिथं पिल्लाला खाली सोडायचं नाही. शू पुसलेलं फडकं सुरुवातीला त्या मातीत ठेवा, वासानं जागा कळते.

आता वेळ. झोपेतनं उठलं, खाल्लं, खेळून थांबलं, की लगेच उचलून घमेल्यात. एरवी दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी तासातासाला न्यायचं. पण घड्याळापेक्षा पिल्लाकडं बघा. खेळता खेळता मधेच नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं की हातातली पोळी तव्यावर राहू दे, आधी पिल्लू उचला. तिथं गप्प उभं राहायचं, बोलत बसलात तर ते खेळायला लागतं. झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि चिमूटभर उकडलेलं चिकन. आमच्याकडं चिकन चालत नाही, सासूबाईंनीच पनीरचा तुकडा सुचवला आणि तो उत्तम चालला. खाऊ आत येऊन दिलात तर आत आल्याबद्दल मिळाला, असं त्याला वाटतं.

फरशीवर झालंच तर नाक घासणं, चापट मारणं बंद. त्यातनं ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि मग सोफ्यामागं जाऊन करतं. गुपचूप पुसा. फिनेलचा वास आपल्याला येतो, पिल्लाला त्याखालची शू कळतेच. शिवाय ते चाटलं तर विषारी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचा क्लीनर मिळतो, नाहीतर पाणी घातलेलं व्हिनेगर. शहाबादी फरशीवर मात्र व्हिनेगर नको, डाग पडतात.

रात्री पिल्लू तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात झोपवा. कुईकुई केलं की दिवा न लावता, लाड न करता घमेल्याशी न्यायचं आणि परत झोपवायचं. दिवसा पाणी तोडू नका.

पाहुणे आले की लोळण घेऊन थेंबभर शू करणारं पिल्लू बिचकलेलं असतं, त्याला रागवू नका. पण नीट शिकलेलं पिल्लू अचानक सारखं थोडं थोडं करायला लागलं, किंवा कुंथत राहिलं, तर जनावरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.