ऑटो लेव्हलने आरएल काढताना: टीबीएमपासून क्लोजिंगपर्यंत

प्लॉटवरचं पाणी कुठून कुठे वाहील, जोतं रस्त्यापेक्षा किती वर ठेवायचं, गटाराला उतार मिळतो का, या सगळ्यांची उत्तरं ऑटो लेव्हल (स्टँडवर लावायचं दुर्बिणीचं यंत्र) अर्ध्या दिवसात देते. एका खोलीपुरतं काम असेल तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते. जागा मोठी झाली की नळी ओढत बसण्यात अर्थ नाही. यंत्राचं काम साधं आहे: दुर्बीण फक्त आडवी बघते आणि ती आडवी रेषा समोरच्या स्टाफवर (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीवर) कुठे लागते ते आपण वाचतो. पुढे नुसत्या बेरीज-वजाबाकीने आरएल, म्हणजे त्या जागेची ठरवलेल्या पातळीपासूनची उंची, निघतो. तरीही साइटवरच्या लेव्हल चुकतात, आणि त्यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. स्टाफ भलतीकडे ठेवलेला असतो, वहीत आकडा भलत्या रकान्यात गेलेला असतो, किंवा काम संपल्यावर बेंचमार्कवर (उंची आधीच ठरलेल्या खुणेवर) परत कोणी आलेलं नसतं.

जागेची हद्द ठरवायची असेल तर मात्र हे यंत्र उपयोगाचं नाही. ती भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी.

आधी यंत्र तपासा

भाड्याने आणलेलं यंत्र तर न तपासता वापरूच नये. जवळजवळ सपाट जागेवर बरोबर 60 मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका, अ आणि ब. यंत्र मधोमध, म्हणजे दोन्हींपासून 30 मीटरवर लावा. समजा अ वर 1.425 मीटर आणि ब वर 1.180 वाचलं. फरक 0.245. यंत्राची रेषा थोडी वर किंवा खाली झुकलेली असली तरी दोन्हीकडे अंतर सारखं असल्याने चूकही सारखीच येते आणि वजाबाकीत उडून जाते. म्हणून हा फरक खरा.

आता यंत्र उचला आणि त्याच सरळ रेषेत अ च्या मागे दोन मीटरवर लावा. अ वर 1.512 आलं, तर ब वर 1.512 वजा 0.245, म्हणजे 1.267 यायला हवं. 1.274 आलं तर रेषा 60 मीटरमध्ये 7 मिलिमीटर वर जाते आहे. 2-3 मिलिमीटरपर्यंत साइटच्या कामाला चालवून घ्या. त्यापेक्षा जास्त असेल तर आयपीसजवळच्या (डोळा लावायच्या भिंगाजवळच्या) झाकणाखालचा ॲडजस्टिंग स्क्रू पिनने हलकेच फिरवून दुर्बिणीतली आडवी तार 1.267 वर आणा आणि दोन्ही जागांवरून पुन्हा तपासा. हात बसला नसेल तर सर्व्हिसिंगला द्या.

काँपेन्सेटर, म्हणजे रेषा आपोआप आडवी ठेवणारा आतला भाग, तपासायला स्टँडच्या पायावर बोटाने टिचकी मारून दुर्बिणीतून बघा. तार थरथरून पुन्हा त्याच जागी यायला हवी. हललीच नाही तर काँपेन्सेटर अडकला आहे, आणि अशा यंत्राचं रीडिंग दिसायला अगदी व्यवस्थित असतं, एवढाच त्याचा धोका.

यंत्र लावणं

स्टँडचे तीन पाय पसरून टाचेने दाबा. काळ्या मातीत ते कामाच्या मध्येच खचतात, जांभ्यावर किंवा फरशीवर घसरतात. फरशीवर तिन्ही टोकं दोरीने किंवा साखळीने एकमेकांना बांधून घ्या. स्टँडचं डोकं नजरेने सपाट झालं की यंत्र बसवून स्क्रू आवळा.

गोल बबल मध्ये आणायला यंत्राच्या तळाच्या तीन फूटस्क्रूंपैकी दोन एकाच वेळी उलट दिशांनी फिरवा, दोन्ही अंगठे आत किंवा दोन्ही बाहेर. डावा अंगठा जिकडे सरकतो तिकडे बबल सरकतो. मग उरलेला तिसरा स्क्रू. बबल मध्ये आल्यावर दुर्बीण 180 अंश फिरवा. तो वर्तुळाबाहेर गेला तर निम्मी चूक फूटस्क्रूने आणि निम्मी बबलच्या स्वतःच्या स्क्रूने काढायची.

दुर्बीण पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे (सूर्याकडे कधीही नाही) करून आयपीस फिरवत तारा काळ्याभोर करा. मग स्टाफ फोकस करा. डोळा वर-खाली हलवून बघा. तार स्टाफवर सरकल्यासारखी दिसली तर पॅरॅलॅक्स आहे, आयपीसपासून पुन्हा सुरू करा. हे टाळलं तर दोन माणसं एकाच स्टाफवर दोन वेगळे आकडे वाचतात आणि मग वाद घालतात.

स्टाफ आणि रीडिंग

स्टाफवरचा एक काळा किंवा पांढरा ठोकळा 10 मिलिमीटरचा. मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर वाचायचं आणि मिलिमीटर अंदाजाने. चूक मिलिमीटरमध्ये होत नाही, ती मीटरमध्ये होते: 1.985 च्या जागी 2.985. याला सोपा उपाय दुर्बिणीतल्या तीन आडव्या तारांचा. वरची तार 1.372, खालची 1.118 असेल तर त्यांची सरासरी 1.245 येते, आणि मधल्या तारेवर तेच वाचलेलं असायला हवं. शिवाय वरची वजा खालची गुणिले 100 केलं की यंत्रापासूनचं अंतर मिळतं, इथे 25.4 मीटर. टेप न काढता.

स्टाफ धरणाऱ्याला दोन मिनिटं देऊन शिकवा, ती वसूल होतात. टेलिस्कोपिक स्टाफची प्रत्येक कांडी उघडताना बटण टकदिशी बसल्याचा आवाज यायला हवा. अर्धवट बसलेल्या कांडीने वरची सगळी रीडिंग सेंटिमीटरभर चुकतात आणि शोधूनही सापडत नाहीत. गरज नसेल तर वरच्या कांड्या उघडूच नका. तळाला चिकटलेला चिखल दर वेळी पुसा. स्टाफ तिरका झाला तर रीडिंग नेहमी जास्तच येतं, कमी कधीच नाही. 4 मीटरच्या स्टाफचा शेंडा 20 सेंटिमीटर कलला तर 3.5 मीटरच्या आसपास साडेचार मिलिमीटरची चूक होते, अर्ध्या मीटरजवळ ती नगण्य. स्टाफला बबल नसेल तर तो हळूच पुढे-मागे डोलवायला सांगा आणि सगळ्यात लहान आकडा घ्या.

उन्हाळ्यात सकाळी अकरानंतर जमिनीलगतची हवा नाचते. अशा वेळी स्टाफचं तळाचं अर्धं मीटर वापरू नका, अंतरही 30 मीटरच्या आत ठेवा.

टीबीएम आणि वही

समुद्रसपाटीपासूनची खरी उंची हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून यावं लागतं. घर, शेततळं किंवा आतला रस्ता अशा कामाला स्वतःचा टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क) पुरतो, त्याला 100.000 धरा. तो जुन्या आरसीसी जोत्याचा कोपरा, मोरीची कठड्याची भिंत अशा न हलणाऱ्या ठिकाणी घ्या आणि रंगाने खूण करा. काळ्या मातीत ठोकलेली खुंटी टीबीएम होऊ शकत नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते, आणि खुंटीही तिच्याबरोबर. शंभर धरण्याचं कारण इतकंच की खड्ड्यात उतरलं तरी आरएल उणे होत नाही.

नवखे इथे टेप घेऊन यंत्राची जमिनीपासूनची उंची मोजायला लागतात. तिची गरजच नाही. एचआय म्हणजे दुर्बिणीच्या रेषेचा आरएल: टीबीएमचा आरएल अधिक त्यावरचं बॅकसाइट (यंत्र लावल्यावर आरएल माहीत असलेल्या जागेवर घेतलेलं पहिलं रीडिंग). त्यातून कोणतंही रीडिंग वजा केलं की त्या जागेचा आरएल.

पहिली जागा: टीबीएमवर बॅकसाइट 1.245, एचआय 101.245. प्लॉटवरचे दोन बिंदू 1.860 आणि 2.415, त्यांचे आरएल 99.385 आणि 98.830. पुढे दिसेनासं होतं, म्हणून घट्ट दगडावर चेंज पॉइंट (यंत्र हलवताना दुवा राहणारी जागा) घेऊन फोरसाइट (यंत्र हलवण्यापूर्वीचं शेवटचं रीडिंग) 2.980, आरएल 98.265.

दुसरी जागा: त्याच दगडावर बॅकसाइट 0.765, एचआय 99.030. नाल्याकाठचे बिंदू 1.520 आणि 2.105, आरएल 97.510 आणि 96.925. पुढचा चेंज पॉइंट 1.340, आरएल 97.690.

तिसरी जागा: बॅकसाइट 2.870, एचआय 100.560. इथून पुन्हा टीबीएमवर फोरसाइट 0.563, आरएल 99.997.

बॅकसाइटची बेरीज 4.880, फोरसाइटची 4.883, फरक उणे 0.003. शेवटचा आरएल वजा पहिला, तोही उणे 0.003, म्हणजे गणित बरोबर. क्लोजिंग एरर, म्हणजे टीबीएमवर परत आल्यावर राहिलेली तफावत, 3 मिलिमीटर. काटेकोर कामाला 12 गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ इतके मिलिमीटर चालतात, साध्या कामाला 25 गुणिले. ही फेरी साधारण 240 मीटरची, म्हणजे 12 च्या हिशेबाने मर्यादा जवळपास 6. काम पास.

एक गोष्ट या पडताळणीत निसटते. मधल्या बिंदूंची रीडिंग या बेरजेत येतच नाहीत, त्यामुळे 2.105 ऐवजी 2.015 लिहिलं तरी क्लोजिंग उत्तम येईल. नाल्याच्या तळासारखे महत्त्वाचे बिंदू म्हणून दुसऱ्या जागेवरूनही एकदा घ्या. वहीत पेनने लिहा. आकडा चुकला तर आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहा, खोडरबर साइटवर नेऊ नका.

चेंज पॉइंटवर यंत्र हलतं तेव्हा स्टाफ हलता कामा नये, नुसतं तोंड फिरवायचं. मऊ जमिनीवर खाली लोखंडी प्लेट ठेवा. बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं पावलांनी मोजून सारखी ठेवा. खुंट्यांच्या चाचणीत जी गंमत झाली तीच इथेही होते, आणि थोडं बिघडलेलं यंत्रही बरोबर क्लोज होतं. फक्त मधल्या लांबच्या बिंदूंना हा फायदा मिळत नाही.

लेव्हल देणं

काढण्यापेक्षा देण्याचं काम जास्त पडतं. हवा तो आरएल एचआयमधून वजा करा, स्टाफवर तेच रीडिंग येईपर्यंत खुंटी ठोका. एचआय 101.245 असताना गटाराचा तळ 99.900 वर सुरू करायचा असेल तर रीडिंग 1.345. उतार शंभराला एक असेल तर दर 10 मीटरला 100 मिलिमीटर, म्हणून पुढची रीडिंग 1.445, 1.545, 1.645. ही यादी आधीच कागदावर काढून ठेवली की मिस्त्रीला ओरडून आकडे सांगत बसावं लागत नाही. यंत्र जेवणाच्या सुट्टीत तसंच उभं राहिलं असेल तर परत सुरू करण्यापूर्वी टीबीएमवर बॅकसाइट पुन्हा वाचा. कोणाचा तरी धक्का लागलेला असतोच.

स्लॅबचा किंवा बीमचा तळ तपासताना स्टाफ उलटा धरून शून्य वर टेकवा. अशा रीडिंगला वहीत उणे चिन्ह लावा आणि एचआयमध्ये तो आकडा मिळवा: एचआय 101.245, उलटं रीडिंग 1.905, तळाचा आरएल 103.150.