कामावर अपघात झाल्यावर भरपाई मागताना या चुका टाळा

जखमी कामगार युनियन ऑफिसात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती मिळतील?" मी उलट विचारतो, "पहिल्या दवाखान्याच्या केस पेपरवर काय लिहिलंय?" बहुतेकांनी तो कागद वाचलेलाच नसतो.

भरपाईचा कायदा कामगाराच्या बाजूने आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं दाखवलं की पुरे. पण तेवढं दाखवायची जबाबदारी आपली असते आणि नेमकी तीच लोक हलक्यात घेतात.

डॉक्टरला खोटं कारण सांगणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. एका पत्र्याच्या वर्कशॉपमधला कामगार, वय 30, महिन्याचा पगार 15,000. पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर डायखालून, म्हणजे साच्याखालून, जॉब (तयार तुकडा) काढताना त्याची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. ठेकेदाराने लगेच स्वतःच्या गाडीत घातलं आणि वाटेत पढवलं, "कामावर लागलं म्हणालास तर पोलीस केस होईल. घरी दारात बोट सापडलं म्हण, खर्च मी बघतो." वेदनेने कळवळणाऱ्या माणसाने तेच सांगितलं. ठेकेदाराने खर्चही केला, पण टाके निघेपर्यंतच. नंतर हजेरी बंद झाली आणि त्याने फोन उचलणंही सोडलं.

दावा लावला तेव्हा समोरच्या वकिलाने एकच कागद पुढे केला. त्यावर डॉक्टरच्या अक्षरात लिहिलेलं होतं, घरी दारात बोट चेंगरले. डॉक्टरने ऐकलं तेच लिहिलं होतं, त्याला काय दोष द्यायचा? वाचवलं ते गेटच्या रजिस्टरने. सकाळी आत आल्याची नोंद होती आणि दवाखान्याच्या वेळेआधी थोडाच वेळ बाहेर पडल्याची. एका सोबत्याने मोबाईलवर फोटो काढला होता. त्यात रक्ताने भिजलेला हातमोजा आणि मागे तीच प्रेस दिसत होती. शेजारच्या मशीनवर दोघे होते. एक साक्षीला आला, दुसरा नोकरीच्या भीतीने आला नाही. निकाल आमच्या बाजूने लागला खरा, पण सरळ मार्गी लागलं असतं ते प्रकरण वर्षानुवर्षं रखडलं आणि तेवढा काळ हा माणूस लग्नाच्या मांडवाची कामं करून घर चालवत होता.

हिशेब करून बघा. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं कायद्याच्या अनुसूचीत धरलं आहे. अंगठ्याला हाच आकडा 30 आहे. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला वय 30 साठी कायद्यात दिलेल्या गुणकाने, 207.98 ने, गुणायचं आणि त्याचे 14 टक्के काढायचे. रक्कम होते सुमारे 2 लाख 62 हजार. ठेकेदाराने केलेला मलमपट्टीचा खर्च याच्यापुढे काहीच नव्हता.

म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो की जखमीसोबत आपला एक माणूस जायलाच हवा आणि डॉक्टर लिहीत असताना त्याने शेजारी उभं राहायला हवं. कंपनीचं नाव, कोणतं मशीन, किती वाजता, हे कागदावर आलं की वाचून घ्यायचं आणि तिथेच फोटो काढायचा. आधीच खोटं लिहिलं गेलं असेल तर दडवून ठेवू नका. पुढच्या तपासणीला खरं कारण सांगून नोंद करून घ्या, मालकाला लेखी कळवा. जितका उशीर कराल तितकं ते नंतर रचल्यासारखं वाटतं.

"सुपरवायझरला माहीत आहे" म्हणून गप्प बसणं

सुपरवायझर बदलतो, नाहीतर विसरतो, नाहीतर त्याला विसरायला लावतात. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर, लेखी द्या. नाव, पत्ता, तारीख आणि इजा कशी झाली हे साध्या भाषेत लिहिलं की झालं, त्यासाठी वकील लागत नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. अपघात नोंदवहीत आपली नोंद झाली का, हे स्वतः बघा. दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, पण त्या मुदतीच्या भरवशावर बसणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. तोवर साक्षीदार पांगतात आणि गेटचं रजिस्टर रद्दीत जातं.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा भरपाईचा कायदा आणि 1948 चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा सामाजिक सुरक्षा संहिता या नव्या एकत्र कायद्यात आले. कलमांचे आकडे बदलले, पण लवकर कळवायचं आणि दोन वर्षांत दावा करायचा हे तसंच आहे.

चुकीच्या दारात जाणं

ईएसआय लागू असेल तर हक्क ईएसआयकडे मागायचा. त्याच इजेसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम करता येत नसेल तर तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात. "कामाला लागून आठवडाच झाला, मला काय मिळणार" असं म्हणून परत जाणारे मी पाहिलेत. कामावरच्या अपघातासाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असावी लागत नाही.

अर्ध्यावर उपचार सोडून गावी जाणं

टाके निघाले की गावी जाऊन आराम करावासा वाटतो. मला ते समजतं, पण ईएसआयचे पैसे घेत असताना परवानगीशिवाय भाग सोडता येत नाही, आणि त्या काळात दुसरीकडे मजुरीही करता येत नाही. डॉक्टरने बोलावलेल्या तारखेला हजर राहणं बंधनकारक आहे. ईएसआय नसेल तिथे, सूचना मिळाल्यावर मालकाने तीन दिवसांत फुकट तपासणी देऊ केली तर तिला नकार देऊ नका. नाकारली तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. उपचार टाळून जखम चिघळली, तर नीट उपचार घेतले असते तेव्हा जेवढी इजा राहिली असती तेवढीच मोजतात. फिजिओथेरपीला कंटाळून बोटं आखडून बसलेल्यांना हे सांगताना माझा जीव तुटतो.

थोडक्यात आणखी काही

कोऱ्या कागदावर सही नको, स्टॅम्प पेपरवरही नको. हक्क सोडल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही, पण तो मोडून काढण्यात तुमची उमेद जाते.

उत्पादन वाढवायला मशीनचा गार्ड, म्हणजे हात वाचवणारं संरक्षक कवच, मुद्दाम काढून ठेवलात किंवा नशेत मशीनवर उभे राहिलात, तर मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांना मालक भरपाई नाकारू शकतो. गार्ड काढायला वरून सांगितलं जात असेल तर ते आजच लेखी कळवून ठेवा.

ठेकेदार पळून गेला म्हणून खचू नका, ज्या कंपनीचं काम चालू होतं तिच्याकडून भरपाई मागता येते.

"अपंगत्वाचा टक्का वाढवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. दुखत नसलेला खांदा दुखतो म्हणायला तो शिकवतो. वैद्यकीय तपासणीत ते उघडं पडतं, मग खरोखर गेलेल्या बोटाबद्दलही तुमच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पगाराचा पुरावा अपघाताच्या आधीपासून जपा. स्लिपवर 9,000 आणि उरलेले हातात रोख, असा व्यवहार असेल तर हिशेब 9,000 वरच होण्याची भीती आहे. स्लिप मिळत नसेल तर पासबुकातल्या नोंदी, हजेरी कार्ड, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, पगाराबद्दलचे मेसेज, सगळं एका पिशवीत घरी ठेवा, कामाच्या लॉकरमध्ये नको. अपघातानंतर तो लॉकर उघडायला तुम्हाला आत सोडतीलच असं नाही.