ग्रीस भरलं एवढ्यावर भागत नाही, जुनं बाहेर आलं पाहिजे

ट्रान्सपोर्ट नगरात गाडी ग्रीसिंगला लावली की थोड्याच वेळात पोऱ्या हात पुसत येतो, ‘भाभी, हो गया.’ मग मी टॉर्च घेऊन खाली वाकते. निपलच्या, म्हणजे ग्रीस आत भरायच्या छोट्या तोंडाच्या, डोक्यावर ग्रीसचा गोळा दिसतो, आणि ते जिथून बाहेर यायला हवं ती बुशची (पिनभोवतीच्या नळीची) कड मात्र कोरडी, धुळीने माखलेली. म्हणजे आत काही गेलंच नाही, गनच्या तोंडाशीच सगळं निसटलं. आमचे दोन मालट्रक आहेत, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा धंदा. डिझेल, टायर, हवा हे मी चालकावर सोडते. पुढच्या कमानी (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि स्टिअरिंगचं ग्रीसिंग मात्र उभी राहून करून घेते. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा बिजासन घाट उतरताना सगळा जोर पुढच्या धुऱ्यावर येतो, तिथे कोरडी किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती, परवडत नाही.

आधी सांधे ओळखून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक मालट्रकांना पुढे सरळ धुरा आणि त्यावर कमानपट्टे असतात. कमानीच्या एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला शॅकल (झुलती कडी) आणि त्याच्या दोन पिना. चाकाजवळ किंगपिन, तिला वर एक आणि खाली एक निपल. मग पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची दोन टोकं आणि स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन. खडूने प्रत्येक निपलला खूण करा आणि काम झालं की ती पुसा, मग विसरायचा प्रश्न नाही. नव्या गाड्यांत काही ठिकाणी रबरी बुश किंवा बंद सांधे असतात, तिथे निपल नसतोच. तिथे ग्रीस लावायचं नाही. ग्रीस-तेलाने रबर फुगतं आणि सडतं.

ग्रीसिंग नेहमी गाडी धुतल्यानंतर. सोयाबीनच्या दिवसांत गाडी शेतरस्त्याने भरायला गेली की माळव्याची काळी माती शॅकलमध्ये जाऊन बसते आणि वाळली की सिमेंटसारखी होते. ती आधी खरवडून काढा, पाण्याने धुवा, लगेच ग्रीस भरा, म्हणजे आत शिरलेलं पाणीही ग्रीसबरोबर बाहेर पडेल. गन लावण्याआधी प्रत्येक निपल चिंधीने पुसायचा. न पुसता गन दाबली तर डोक्यावरची रेती थेट पिनवर जाते, आणि ती तुमच्याच पैशाच्या ग्रीसमध्ये कालवून.

ग्रीस कोणतं? माझ्या गाड्यांच्या पुस्तिकेत सांगितलंय तेच मी वापरते: लिथियमचं, ईपी (जास्त दाब सोसणारं), घट्टपणा 2 नंबर. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर ते घ्या. सुटं, बिनलेबलाच्या डब्यातलं घेऊ नका. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली की कधी कधी पातळ होऊन गळतात. जात बदलायचीच असेल तर जुन्याचा रंग येणं थांबेपर्यंत नवं भरत राहा.

आता खरी गोम. गाडी जमिनीवर उभी असते तेव्हा सगळं वजन पिनला बुशच्या एकाच बाजूला दाबून धरतं. ग्रीस सोप्या वाटेने मोकळ्या बाजूने निघून जातं आणि जिथे घासतंय तिथे पोचत नाही. म्हणून कमानीच्या पिनांसाठी गाडी रिकामी करून सपाट जागी लावायची, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके द्यायचे आणि जॅक चेसिसखाली लावायचा, धुऱ्याखाली नाही. चेसिस उचलली की धुरा कमानीला लटकतो आणि पिनवरचा भार सुटतो. चेसिसखाली मजबूत घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय कुणालाही खाली जाऊ द्यायचं नाही. नुसत्या जॅकवर विसंबणाऱ्या मिस्त्रीला मी सरळ गाडीखालून बाहेर यायला सांगते, मग तो कितीही मोठा उस्ताद असो. आता गन मारा आणि बुशच्या दोन्ही कडांकडे बघत राहा. आधी काळं, किरकिरीत ग्रीस येईल, कधी गंजाचं तांबूस पाणीही, मग स्वच्छ नव्या रंगाचं. ते दोन्ही कडांनी आलं की थांबा.

किंगपिनचं काम मी दोनदा करून घेते. एकदा चाकं जमिनीवर असताना, आणि नंतर धुऱ्याखाली जॅक-घोडी लावून चाकं उचलल्यावर. किंगपिन ज्यातून जाते त्या धुऱ्याच्या डोळ्याखाली थ्रस्ट बेअरिंग असतं आणि पुढच्या भागाचं वजन त्याच्यावरूनच चाकात उतरतं. चाक लटकलं की तिथली फट उघडते, तेव्हाच ग्रीस नीट शिरतं. गन मारताना कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. थ्रस्ट बेअरिंगच्या कडेने नवं ग्रीस दिसलं पाहिजे. वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधूनच ते येत असेल तर खालपर्यंत काही गेलेलं नाही.

चाक वर आहे तेव्हाच ढिलाईही बघून घ्या. टायरखाली पहार घालून चाक वर-खाली हलवा. हलतंय? मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर हबचं (चाकाच्या मध्याचं) बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलत असेल तर किंगपिन किंवा बुश खाल्लेले आहेत. एवढं न बघता थेट किंगपिनचा किट बदलायला सांगणारे कमी नाहीत, आणि तो किट काही स्वस्तात येत नाही.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या टोकांना उलट हात आवरता घ्यावा लागतो. निपल असेल तर हाताच्या गनने हळू भरा. रबरी टोपी किंचित फुगली किंवा कडेने ग्रीस डोकावलं की पुरे. हवेच्या गनने टोपी फाटते आणि मग धूळ-पाणी आत जायला दार मोकळं. नटमधली स्प्लिट पिन जागेवर आहे ना, तेही बोटाने चाचपून बघा. ढिलाई बघायची तर चाकं जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून चालकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि टोकावर हात ठेवा. खटका हाताला लगेच लागतो.

निपल ग्रीस घेत नसेल तर जोर लावण्याआधी तो निपलच बदला, काही रुपयांची वस्तू आहे. नवाही घेत नसेल तर तो काढून भोक तारेने साफ करा, थोडं डिझेल सोडा, भार सोडवून पुन्हा गन मारा. तरीही नाही, तर पिन काढावीच लागेल. गॅसच्या ज्योतीने तापवायला देऊ नका, आसपास रबर आणि ब्रेकचे पाइप असतात.

धुलाईनंतर खालून जळकं ऑइल फवारून देण्याची हौस अनेक सर्व्हिसवाल्यांना असते. गाडी चकाकते खरी, पण ते ऑइल रबरी बुशवर आणि ब्रेकच्या लायनरवर जातं. मी पैसे देते आणि फवारणी नको म्हणते.

माझ्या गाड्यांचं हे काम 5,000 किलोमीटरला होतं, पावसाळ्यात त्याच्या निम्म्यावर, आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर किलोमीटर न बघता. स्पीडब्रेकरवर पुढून कुईकुई आवाज यायला लागला किंवा वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होईनासं झालं, तर ठरलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. कमानीचं काम खोललं असेल, तर भरलेली पहिली फेरी करून आल्यावर कमान धुऱ्याला आवळणाऱ्या यू बोल्टचे नट टॉर्क पान्याने पुन्हा कसून घ्या, आणि टाय रॉडचं टोक बदललं असेल तर चाकांचं अलाइनमेंट करूनच गाडी लांबच्या फेरीला सोडा.