वेड्यावाकड्या कडेचं डायनिंग टेबल घेताय? आधी रद्दी काढा

हल्ली ज्याला त्याला ते ओंडका उभा चिरून आख्खी फळी ठेवल्यासारखं दिसणारं टेबल हवं असतं. दुकानात त्याला लाइव्ह एज म्हणतात, म्हणजे कड सरळ कापायची नाही, झाड जसं वाढलं तशीच वाकडी ठेवायची. मलाही हवं होतं, घेतलंही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याला मधोमध अशी भेग पडली की आता तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं राहतं. तेव्हा जे विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही ते सगळं इथे सांगते.

पहिलं म्हणजे माप. दुकानदार "सहा बाय तीन" म्हणतो ना, ते बहुतेक वेळा सगळ्यात रुंद जागेचं असतं. तीच फळी मध्येच २७-२८ इंचांवर येते आणि नेमकं तिथेच समोरासमोर दोघं बसतात. म्हणून टेप सगळ्यात अरुंद जागी लावा. दोन ताटं आणि मध्ये भाजीचं पातेलं, पोळ्यांचा डबा, लोणच्याची बरणी एवढं मांडायचं तर ३० इंच तरी हवेतच, ३६ असतील तर मजा. माणशी लांबी २४ इंच धरा. खुर्ची मागे सरकवून उठायला भिंतीपर्यंत ३६ इंच, फारच अडचण असेल तर ३०. मग घरी येऊन रद्दीचे पेपर चिकटपट्टीने जोडा, त्याच आकाराचा तुकडा कापा आणि जिथे टेबल येणार तिथे जमिनीवर पसरून दोन दिवस त्याच्या कडेकडेने वावरा. वेडेपणा वाटेल, पण तो सुंदर फुगवटा फ्रिजच्या दाराला आडवा येतोय हे कळायला दुसरा स्वस्त मार्ग नाही.

जाडीचंही बघा. टेबल ३० इंच उंच, खुर्ची १८ इंच, म्हणजे मध्ये १२ इंच उरले, त्यात ३ इंच जाड फळी आणि खाली लोखंडी फ्रेम आली की मांड्या अडकल्याच. दुकानात नुसता टेबलावर हात फिरवू नका, खुर्ची ओढून बसा.

आता खरा मुद्दा, लाकूड वाळलंय का. जुना अंदाज असा की हवेत वाळायला एक इंच जाडीला साधारण एक वर्ष लागतं, म्हणजे २ इंचाची फळी दोन वर्षं पडून हवी, नाहीतर भट्टीत वाळवलेली तरी हवी. "एकदम सुकं आहे मॅडम" यावर जाऊ नका, मी गेले होते! मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातला ओलावा मोजणारं यंत्र मागा, आणि तो टोकाला नाही तर फळीच्या मध्यावर आणि खालच्या बाजूने लावायला सांगा कारण टोकं आधी वाळतात. ८ ते १२ टक्के आलं तर ठीक, १६-१७ दिसलं तर चहा पिऊन निघा. मीटरच नाही म्हणाले तर त्यातच काय ते समजा.

लाकूड कुठलं? सागवान उत्तमच, पण एवढ्या रुंद एकसंध फळीला म्हातारा साग लागतो, म्हणून ते दुर्मिळ आणि महाग. बाजारात रुंद फळ्या बऱ्याचदा विलायती शिरीषाच्या असतात, रस्त्याकडेला मोठ्ठी सावली देणारं ते झाड, दुकानात त्याला सुआर म्हणतात. आंबा स्वस्त पडतो पण कीडप्रक्रिया केलेलाच घ्या. आणि एक गंमत, "सागाला वाळवी लागत नाही" हे खरं आहे ते गाभ्याच्या लाकडापुरतं. ती नैसर्गिक कड म्हणजे बाहेरचं फिकट, कच्चं लाकूड, आणि किडीला नेमकं तेच आवडतं. कडेला टाचणीएवढी भोकं किंवा खाली पिठासारखा भुगा दिसला तर सरळ नाही म्हणा. साल ठेवलेली असेल तर ती काढायला लावा, आज ना उद्या ती सुटतेच.

मग टेबलाखाली वाका, लाज वाटू देऊ नका. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फ्रेमला स्क्रूची भोकं लांबट असतील तर त्याला हलायला जागा मिळते, गोल भोकात करकचून आवळलं असेल तर ते चिरतं (माझं नाणं!). आधीच्या भेगेवर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवलेला असेल तर घाबरू नका, ते चांगलं काम आहे. भेगेत नुसता भुसा आणि फेव्हिकॉल भरलेला असेल तर मात्र नको.

पॉलिशची परीक्षा आपल्या घरात एकच, हळद. त्याच पॉलिशचा तुकडा मागून आणा, त्यावर चमचाभर वरण रात्रभर ठेवा. पीयू (पॉलीयुरेथेन, लाकडावर प्लास्टिकसारखा थर धरणारं पॉलिश) असेल तर बहुधा पुसलं जाईल, नुसतं तेल लावलेलं असेल तर डाग राहील, पण तेलवालं घरी घासून परत तेल लावून नीट करता येतं, पीयू उखडलं तर कारागीरच बोलवावा लागतो. दोन फळ्यांच्या मध्ये निळी नदी ओतलेली इपॉक्सीची (पातळ ओतून घट्ट होणारं रेझिन) टेबलं मला वैयक्तिक आवडत नाहीत, आणि गरम कढई ठेवली की साधं इपॉक्सी नरम पडतं, उन्हात पिवळंही पडतं.

शेवटी लिफ्ट मोजा. सागाची ६ बाय ३ फूट, २ इंच जाड फळी पायांशिवायच ५५ किलोच्या आसपास भरते आणि ती दुमडत नाही. पाय सुटे होतात का आणि वर चढवायचे पैसे कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. आमची फळी लिफ्टमध्ये मावली नाही, जिन्याच्या वळणावर अडकली, शेवटी दोर बांधून गॅलरीतून वर घेतली, आणि खालच्या काकू अजूनही त्यांच्या तुळशीच्या कुंडीचं नाव काढतात.