सडलेल्या ब्रेक पाइप बदलताना, सॅन स्टॉर्मच्या पोटाखालून

मागच्या श्रावणात त्र्यंबकहून परत येताना अंजनेरीच्या जरा पुढे समोर म्हैस आली, ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. गाडी थांबली, म्हैस पण तिच्या वेगाने निघून गेली, पण माझ्या पोटात जो गोळा आला तो नाशिकपर्यंत गेला नाही. ब्रेकची दोन सर्किट, म्हणजे ऑइलचे दोन मार्ग, वेगळी असतात म्हणून एक गेलं तरी दुसरं अर्धंमुर्धं काम करतं, त्या दिवशी मी त्यावरच वाचलो. हँडब्रेक आणि तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू घरी आणली. खरं तर तेव्हाच टो करून आणायला पाहिजे होती, तुम्ही असला शहाणपणा करू नका.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोव्यात बनायची, दोन सीटची उघडी गाडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, बॉडी फायबरची. फायबर म्हटल्यावर मी निर्धास्त, याला कुठला गंज लागणार. अहो पण खालची ब्रेक पाइप लोखंडाचीच ना. त्यात गाडीचं आधीचं सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलेलं, आणि विकायच्या आधी कोणीतरी खालून काळं अंडरबॉडी कोटिंग मारून दिलेलं, पाइपसकट. वरून एकदम नवी कोरी दिसत होती. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर काळ्या सालाखालून लाल भुकटी पडायला लागली आणि एका क्लिपपाशी पाइप पेन्सिलीएवढी फुगलेली, तिथूनच ऑइल पाझरत होतं.

तर पहिलं काम हेच. गाडी धुऊन घ्या, खाली टॉर्च घेऊन झोपा आणि प्रत्येक क्लिप उघडून बघा. गंज उघड्या जागी कमी आणि क्लिपच्या आत जास्त असतो, कारण तिथे माती अडकते, मातीत पाणी राहतं आणि पाणी आठवडाभर वाळत नाही. पाइपवर नुसता तांबूस रंग असेल आणि पॉलिश पेपरने घासल्यावर खाली गुळगुळीत पत्रा लागत असेल तर चालेल, खड्डे लागले तर ती पाइप गेली समजा. या पाइपची जाडी एक मिलीमीटर पण नसते, साधारण ०.७ असते, त्यातून खड्डा गेल्यावर उरतं काय.

मेकॅनिक म्हणेल साहेब, सडलेला तुकडा कापून मधे जॉइंट मारून देतो, दोनशे रुपयात काम. नको. एका ठिकाणी सडली म्हणजे त्याच वयाची, त्याच पाण्यातून गेलेली बाकीची पाइप पण रांगेत उभी आहे. मागे जाणारी लांब लाइन तर अख्खीच बदला, आणि होज म्हणजे ती रबरी पाइप जुनी असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर ती पण याच फेरीत बदला, नाहीतर लाइनमध्ये शिरलेली हवा परत सगळी काढत बसावं लागतं.

आता पाइप कुठली घ्यायची. दुकानात बंडी पाइप मागा, ती स्टीलची, दोन थरांची असते, बाहेरून ४.७५ मिमी म्हणजे ३/१६ इंच. गाड्यांमध्ये हीच येते आणि स्वस्त आहे. दुसरा पर्याय क्युप्रो-निकेल, म्हणजे साधारण नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेल. ही गंजत नाही, हाताने वाकते, फ्लेअर, म्हणजे पाइपचं दाबून फुलवलेलं तोंड, सुंदर बसतो, फक्त महाग आणि मला ऑनलाइन मागवावी लागली. मी २५ फुटांचं बंडल घेतलं. लहान गाडीला पुढून मागे जायला तीन-साडेतीन मीटर पुरतात, पण चुकीचे तुकडे धरून चाला, ते होणारच.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, फ्रिज-एसीवाल्याकडची साधी तांब्याची पाइप लावू नका. माप तेच असतं, दिसते पण छान आणि गल्लोगल्ली मिळते, म्हणून लोक लावतात. साधं तांबं सततच्या थरथरीने कडक होतं आणि फ्लेअरच्या मानेपाशी तडकतं. तसंच फ्रिजवाल्याचे ते रिंग दाबून बसणारे जॉइंट, ते पण ब्रेकला चालत नाहीत, पेडल जोरात दाबल्यावर आत जे प्रेशर तयार होतं त्याला ते पुरे पडत नाहीत. ब्रेकला फ्लेअर आणि फ्लेअरच.

दुकानात जायच्या आधी जुनी पाइप काढून सोबत न्या, कारण नट आणि फ्लेअरचा सगळा घोळ इथे आहे. फ्लेअर दोन प्रकारचे, एक डबल फ्लेअर, तोंड कर्ण्यासारखं उघडलेलं आणि कड आत दुमडलेली. दुसरा बबल, टोकाला गोल गाठ आल्यासारखा. जपानी गाड्यांत बहुतेक डबल, युरोपियन गाड्यांत बहुतेक बबल. पण ओळखायचं गाडीच्या नावावरून नाही, नट बसतो त्या भोकात टॉर्च मारून. आत तळाशी छोटा शंकू वर आलेला दिसला तर डबल, उलट नरसाळ्यासारखा खोलगट दिसला तर बबल. माझ्या गाडीत आधी कोणीतरी हात मारलेला होता, एकाच पाइपला एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते निघालं. म्हणून चारही चाकं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग), टी जॉइंट, प्रत्येक भोक वेगळं बघा आणि कागदावर लिहा. एकात दुसरा घातला तर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि नंतर गळतो.

आट्यांचं पण तसंच. बहुतेक ठिकाणी १० मिमी, १ पिच, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर. पण ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा नट दिसायला डिट्टो तसाच आणि तो १० च्या भोकात जातो पण, फक्त जरा लुडबुडत जातो. आवळला की दोन-तीन आटे खाऊन टाकतो आणि मग बदला मास्टर सिलिंडर. नट बोटाने शेवटपर्यंत सरळ जायला पाहिजे, न हलता. अडला किंवा डुगडुगला तर तिथेच थांबा.

काढायला लागा. गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली कोणी जाऊ नका, जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दगड लावा. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. साध्या फिक्स पान्याने हे नट सुटत नाहीत, कोपरे गोल होतात आणि मग रडायची पाळी. फ्लेअर नट पाना घ्या, रिंग पान्यासारखाच पण पाइप जाईल एवढी फट असलेला. आणि खरी युक्ती वेगळीच आहे, पाइप तर भंगारातच जायची आहे ना, मग नटाच्या मागे पक्कडने सरळ कापून टाका आणि वरून सहाकोनी सॉकेट बसवा. माझे पाच नट असेच दहा मिनिटांत सुटले, त्याआधी पहिल्या एकासाठी मी दीड तास घालवला होता. गॅसने तापवायच्या भानगडीत पडू नका, बाजूला रबर असतं आणि ब्रेक ऑइल पेट घेतं.

पाइप कापायच्या आधी ब्रेक पेडल साधारण इंचभर दाबून काठीने तसंच अडकवून ठेवा, सीट आणि पेडलच्या मधे. त्याने मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडून येणारं भोक झाकलं जातं आणि वरची टाकी रात्रभर टपटप गळत नाही. हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं होतं आणि मला तेव्हा खोटं वाटलं होतं. फक्त काठी लावलेली असताना ब्रेक लाइट पेटलेला राहतो, बॅटरीची वायर काढून ठेवा.

जुनी पाइप शक्यतो न वाकवता बाहेर काढा, तीच तुमचा साचा. तुकडे झाले असतील तर जाड बाइंडिंग वायर घेऊन गाडीखालून त्याच वाटेने फिरवा, वळणं तशीच ठेवा आणि मग जमिनीवर ठेवून माप घ्या. दोन इंच जास्त धरा. लांबी थोडी जास्त झाली तर मास्टर सिलिंडरजवळ एक मोठं वेटोळं घालता येतं, कमी पडली तर काही करता येत नाही.

आता फ्लेअर. सगळी कला इथे आहे, बाकी सगळी हमाली. पाइप छोट्या ट्यूब कटरने कापा, एक फेरा मारला की नॉब थोडा आवळा, परत फेरा. हॅकसॉने कापली तर तोंड वाकडं येतं आणि बुरादा आत जातो. कापल्यावर कानशीने तोंड काटकोनात करा, आतली धार काढा, बाहेरची कड किंचित घासा, बंडी असेल तर टोकाचा रंग पण काढा. मग हवा मारा. आणि आता, डायमध्ये, म्हणजे फ्लेअर पाडायच्या टूलच्या साच्यात, पाइप धरायच्या आधी, नट घातला का? नटाचं तोंड बरोबर बाजूला आहे का? मी एकूण अकरा फ्लेअर केले, त्यात तीन वेळा फ्लेअर एकदम मस्त झाला आणि नट टेबलावर. भाचा शेजारी बसून मोजत होता, तिसऱ्या वेळी म्हणाला, "मामा, नटाला दोरीच बांध पाइपला." त्याला हसू नका, नंतर मी खरंच तसंच केलं.

पाइप डायच्या क्लॅम्पमध्ये धरा, डायच्या पायरीची जेवढी उंची तेवढीच बाहेर ठेवा, जास्त नाही कमी नाही. टोकाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा, डाय घालून पूर्ण खाली दाबा, टोक फुगून मशरूमसारखं होतं. डबल फ्लेअर करायचा असेल तर डाय काढून आता शंकूने दाबा, कड आत दुमडते. बबल हवा असेल तर बबलची स्वतःची डाय घ्या, डबलच्या पहिल्या टप्प्यावर थांबून भागवू नका. नंतर उजेडात बघा, कड सगळीकडे सारखी, मधे भोक गोल, कुठे चीर नाही, एका बाजूला जास्त सरकलेला नाही. शंका आली तर कापा. रद्दी तुकड्यावर निदान पाच-सहा करून बघा आणि मगच खऱ्या पाइपला हात लावा. क्लॅम्पमध्ये पाइप सरकत असेल तर टूल हलकं आहे, मी पहिलं स्वस्तातलं टूल याच कारणाने परत केलं.

वाकवायला बेंडर असला तर उत्तम, नाहीतर मोठ्या सॉकेटभोवती अंगठ्याने हळूहळू. फ्लेअरच्या अगदी जवळ वळण नको, नट मागे सरकायला जागा पाहिजे. चिमटली तर तो तुकडा गेला. पाइप जुन्याच वाटेने न्या, सायलेन्सरपासून लांब, हलणाऱ्या भागांपासून लांब, प्रत्येक जुन्या क्लिपच्या जागी क्लिप, आणि पत्र्याला घासेल तिथे रबर. सगळे नट आधी बोटाने लावा, मग आवळा. साधारण १२ ते १५ न्यूटन मीटर म्हणजे लहान पान्याने एका हाताची ओढ, अंगाचा जोर नाही. क्युप्रो-निकेल असेल तर एकदा आवळा, थोडा सोडा, परत आवळा, फ्लेअर नीट बसतो.

ब्रेक ऑइल डॉट ४ ग्रेडचं सीलबंद, गाडीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असलं तरी ४ चालतं, पण डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी ओढलं की तेच १५५ वर येतं, आणि कसारा घाट उतरताना हा फरक पेडलमध्ये कळतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतं.

लाइनमधली एअर काढायला ब्लीडर निपलला, म्हणजे चाकापाशी हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला, सलाइनची नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. आत एकजण, खाली एकजण. "दाब... धर... सोड." धर म्हटल्यावर निपल उघडा, बंद केल्यावरच सोड म्हणा. पेडल पार जमिनीपर्यंत नेऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो आणि तिथे गेलेलं सील फाटतं. टाकी रिकामी होऊ देऊ नका, एकदा हवा ओढली की पहिल्यापासून सुरुवात. चाकांचा क्रम मॅन्युअल मिळालं तर त्याप्रमाणे, नाहीतर लांबचं चाक आधी. निघालेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, शेवटी गोदावरीतच जातं, बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या.

पेडल कडक झालं की इंजिन चालू करून पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा, पेडल खाली सरकता कामा नये. मग प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर लावून बघा, डोळ्याला न दिसणारी ओल कागदाला दिसते. मग रिकाम्या रस्त्यावर २० च्या स्पीडला चार-पाच ब्रेक, मग ४० ला. मी सुट्टीच्या दिवशी सातपूर एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर फिरवली. घरी येऊन परत टिश्यू फिरवला, मागच्या डाव्या चाकापाशी कागदावर डाळीएवढा डाग आला. नट थोडा सोडून परत आवळला, पुसलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा. दोनशे किलोमीटर झाल्यावर परत एकदा खाली झोपून सगळे जॉइंट बघितले, तेव्हा पण कोरडे.